काजाचा टाका

३ फेब्रुवारी

समुपदेशक बाईंनी ही वही दिली. म्हणाल्या, मनात येईल ते लिहीत जा, हलकं वाटेल. मी म्हटलं, बाई, माझ्या मनात काय काय येतं ते लिहिलं तर शिक्षा वाढायची. त्यांना विनोद कळला नाही. त्यांच्या ड्रेसचा डावा खांदा अर्धा इंच उतरलाय, तेही त्यांना अजून कुणी सांगितलेलं दिसत नाही.

वही शिवणखात्यात ठेवते, माझ्या मशीनशेजारच्या चिंध्यांच्या खोक्यात, तळाशी. बराकीत ठेवली तर पहिल्या झडतीत जाईल.

झडती आजच झाली. झाडूच्या तारेच्या दोन सुया निघाल्या (माझ्या नव्हेत, माझ्या सापडत नाहीत), घासून घासून आरसा केलेलं डब्याचं झाकण निघालं, साबणाचे कोरलेले फासे निघाले, आणि आमच्या पोपटने घोंगडीतून धागे उपसून वळलेला भुवया कोरायचा दोरा. सगळ्याला इथे एकच नाव, हत्यार. पोपट म्हणाली, "मॅडम, या दोऱ्यानं मी कुणाचा जीव घेणार? फार तर मिशी घेईन." जेलर मॅडमसुद्धा हसल्या. हसत हसत दोरा घेऊन गेल्या.

मी इथे आले तीही हत्यारापायीच. कोर्टाच्या कागदावर लिहिलंय, ‘जड व तापलेले हत्यार’. घरी आम्ही त्याला इस्त्री म्हणायचो.

९ फेब्रुवारी

मुलाखतीचा दिवस. सासूबाई आल्या. दर महिन्याला येतात, एकही मुलाखत चुकवली नाही. बराकीतल्या नव्या बायकांना हे खरं वाटत नाही. सून तुरुंगात आणि भेटायला कोण, तर सासू. आणि डोकं फुटलं ते कुणाचं, तर तिच्याच थोरल्या मुलाचं.

त्या दिवशी मोठे भावजी माझं मशीन उचलून रस्त्यावर टाकायला आले होते. आई (सासूबाईंना मी आईच म्हणते) मध्ये पडल्या तर त्यांचाच हात पिरगाळला. माझ्या हातात इस्त्री होती. एवढंच. भावजी वाचले, पण त्यांची एक बाजू गेली. माझा नवरा त्या दिवशी बाहेरगावी होता, आणि तेव्हापासून तो बाहेरगावीच आहे. कोर्टात सासूबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पहिला हात माझ्या मुलानं उचलला." त्या एका वाक्याने माझी शिक्षा निम्म्यावर आली आणि त्यांचं घर सुटलं. मुलांनी दार लावून घेतलं.

आता त्या एका पिठाच्या गिरणीत झाडलोट करतात आणि तिथेच पोत्यांमागे झोपतात. आज केसांत पीठ तसंच होतं. मी म्हटलं, "आई, तुम्ही लवकर म्हाताऱ्या दिसायला लागलात." त्या म्हणाल्या, "अगं, पीठ आहे ते. धुतलं की मी तरुण." मग सहज बोलल्यासारखं सांगितलं की मालक गिरणी विकतोय. उन्हाळ्याआधी जागा सोडायची.



१२ फेब्रुवारी

मॅडमनी बोलावून घेतलं. खुल्या वसाहतीत एक खोली रिकामी झाली आहे. तिथे भिंत नाही, कुंपण आहे. कैदी दिवसा शेतात किंवा कारखान्यात काम करतात आणि संध्याकाळी आपल्या खोलीत. चूल आपली, कुलूप आपलं. पण खोली एकट्या बाईला देत नाहीत. सोबत राहायला घरचं माणूस लागतं. रक्ताचंच असावं असं नाही, मानलेलं असलं तरी चालतं, फक्त त्याने येऊन अंगठा दिला पाहिजे. मार्चमध्ये समिती बसणार. मॅडम म्हणाल्या, "तुझं वागणं चांगलं आहे, तुझं नाव मी पहिलं लावलंय. तोवर काही घोळ करून घेऊ नकोस."

मी बाहेर आले आणि पाण्याच्या टाकीमागे जाऊन रडले. आईंना खोली मिळणार. पोत्यांमागून त्या उठणार.

दुसरं नाव आक्काचं लागलंय. आक्का आमच्या बराकीची मुकादम. कैदीच, पण जुनी, म्हणून बाकीच्यांवर देखरेख तिची. मुलाखतीच्या हॉलची झाडलोटही तिच्याकडे. तिचे केस पूर्ण पांढरे, पाठ ताठ. मला इथे पहिल्या आठवड्यात ताप आला तेव्हा उशाशी तीच बसली, आणि तांब्यात गरम पाणी भरून कपडे कसे इस्त्री करायचे हे तिनेच शिकवलं. म्हणाली, "इस्त्रीपायी आलीस ना? मग इस्त्रीनंच जग." तिच्या त्या युक्तीवर अर्ध्या तुरुंगाचे कपडे आज कडक असतात. तिला भेटायला कधीच कुणी येत नाही. नाव लागल्याचं सांगितलं तर म्हणाली, "माझं काय गं, कागद भरायचा म्हणून भरला. मला कोण आहे अंगठा द्यायला?"

१५ फेब्रुवारी

आक्का दुपारभर माझ्याशी सासूबाईंबद्दल बोलत बसली. वय किती, कानांनी नीट ऐकू येतं का, जेवायला तिखट चालतं का, झोपेत घोरतात का. घोरण्याचं ऐकून मला हसूच आलं. म्हटलं, "आक्का, तुला त्यांचं स्थळ आणायचंय का?" ती म्हणाली, "अगं, इतकं चांगलं माणूस जगात आहे हे ऐकूनच बरं वाटतं. मला पुन्हा सांग, कोर्टात त्या काय म्हणाल्या?" मी पुन्हा सांगितलं. ऐकताना तिचे डोळे भरून आले होते.

माझ्या सख्ख्या बहिणीने कधी एवढं विचारलं नाही.

१८ फेब्रुवारी

समितीसाठी मॅडमनी नवा कोट शिवायला टाकलाय. शिवणखात्यातल्या काजाच्या मशीनने मान टाकली, म्हणून बटणांची काजं मी हाताने केली. पुढची आणि बाह्यांवरची. हातानं काज करणारी इथे मी एकटीच. माझं काज कुणीही ओळखतं. टाक्याची गाठ एकाला एक लागून, आणि दोन्ही टोकांना आडवा बंध दुहेरी. माझ्या उस्तादांनी शिकवलेलं. ते म्हणायचे, कापड फाटेल पण काज सुटता कामा नये. मॅडमनी बाही उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाल्या, "हे बाहेर शिवून घेतलं असतं तर कोटापेक्षा काजंच महाग पडली असती." आक्का तिथेच झाडत होती. तीही वाकून बघून गेली.

खरं सांगायचं तर मला दिवसभर आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. गिऱ्हाइकाने पाठ थोपटली की मी पागल होते, हा माझा जुना रोग.

२२ फेब्रुवारी

आक्काला कुणाची भीती वाटेल असं मला कधी वाटलं नव्हतं. आज धुण्याच्या दगडापाशी मला बाजूला घेऊन म्हणाली, समोरच्या बराकीतली इंजिन तिच्या जिवावर उठलीय. इंजिन म्हणजे ती जाड बाई, दम्यामुळे श्वास शिट्टीसारखा वाजतो, म्हणून हे नाव. मुकादमकी तिला हवी आहे म्हणे. आंघोळीच्या वेळी आक्काला गाठून म्हणाली, ‘एक दिवस तुझा पाय घसरेल.’

"मॅडमना सांग," मी म्हटलं.

"मुकादम तक्रार घेऊन गेली की मुकादमकी गेली. आणि मी काय तिला मारणारेय का? नुसतं दाखवायला काहीतरी हवं. बघितलं की हवा जाईल तिची." मग माझा हात धरून म्हणाली, "तुझ्या बोटांत कसब आहे. माझ्या हातून धड दोरी वळत नाही."

मी नाही म्हटलं. समिती तोंडावर आहे, मला आता काही नको.

"बरोबर आहे तुझं," ती म्हणाली आणि उठून गेली. तिचं ते मुकाट्याने उठून जाणं मला फार लागलं.

२५ फेब्रुवारी

इंजिन आज नळावर भेटली. माझा साबण संपलेला पाहून तिने आपल्या साबणाचा तुकडा मोडून दिला. जिवावर उठणारी माणसं साबण वाटतात का, असं मनात येऊन गेलं. आक्काला सांगितलं तर म्हणाली, "गोड बोलणाऱ्यापासून जास्त जपावं." खरंच आहे म्हणा. आयुष्यात मला बुडवलं ते गोडबोल्यांनीच.

आक्का जेवत नाहीये. पोळी अर्धी टाकते. रात्री तिच्या अंथरुणातून हुंदका ऐकला.

२८ फेब्रुवारी

केलं. वहीत तरी खोटं कशाला लिहू.

पळीची तुटलेली दांडी आक्कानेच कुठून तरी आणली होती. त्याला टोक आणायला फार काही लागत नाही, इथल्या कुठल्याही बाईला येतं, आणि कसं ते इथे लिहिण्याची गरज नाही. शिवणखात्यातल्या कात्र्या साखळीला बांधलेल्या असतात, संध्याकाळी मोजून घेतात, बोट कापलं तरी रिपोर्ट होतो. आणि बाहेरच्या कचऱ्यात अशा दहा कात्र्या पडलेल्या असतात. सरकारचं डोकं असंच चालतं.

मी तुकडा तसाच दिला तर आक्का म्हणाली, "हातातून निसटेल गं. घामाचा हात असतो माझा. मुठीला काहीतरी गुंडाळ ना." मी चिंधी गुंडाळणार होते. ती म्हणाली, "चिंधी सुटते. मॅडमच्या कोटाला केलंस तसं कर. तसं पक्कं कुणाला येतं?"

झालं. मी राखाडी दोरा घेतला आणि मुठीवर काजाच्या टाक्याने वीण घातली, गाठीला गाठ लावून, दोन्ही टोकांना दुहेरी बंध. ओबडधोबड काम माझ्या हातून होतच नाही. वाईट शिवायला गेले तर बोटं दुखतात. करताना मला भीती वाटायला हवी होती, पण खरं म्हणजे छान वाटत होतं. आक्काने ते हातात धरलं, दोनदा मूठ वळली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

पोपटला काय वास लागला कोण जाणे. ती शिवणखात्यात धागे तोडायला बसते, तिची बडबड चालूच असते. आज मात्र हळू आवाजात म्हणाली, "टेलरबाई, आक्का कधी स्वतःसाठी काही मागत नाही. तिनं मागितलं की मी दोन पावलं मागं सरते." मी तिला म्हटलं, तुझ्या जिभेला हाड नाही, गप्प काम कर.

४ मार्च

हे घाईत लिहितेय. मॅडमनी अर्धा तास दिलाय, मशीनवरचं अर्धवट काम दुसऱ्या बाईच्या हातात देण्यासाठी. वही तिथेच राहणार.

सकाळी ऑफिसात बोलावलं. टेबलावर ते होतं. कुणी आणलं, कुठे सापडलं, काही सांगितलं नाही. मॅडमनी फक्त आपली बाही पुढे केली आणि कोटाचं काज त्या मुठीशेजारी ठेवलं. दोन्हीकडे तोच टाका, तोच दुहेरी बंध. बघायला भिंगही लागत नव्हतं.

"हे दोन्ही एकाच हाताचं आहे का?"

"हो, मॅडम."

नाही म्हणायला जीभ वळेना. माझं काम दुसऱ्याचं म्हणून कसं सांगू?

"कुणासाठी केलंस?"

मी गप्प. आक्काला धमकी आलीय, तिचं नाव घेतलं तर ती इंजिनच्या हाती सापडेल. आणि असंही आमच्यात नाव घेत नाहीत. मॅडमनी यादी पुढे ओढली. मग म्हणाल्या, "मूर्ख आहेस." रागाने नाही, वाईट वाटून म्हणाल्या. यादीतून नाव कापलं. एकांत कोठडी, महिनाभर मुलाखत बंद, शिवणखातं बंद.

चुगली पोपटची. दुसरं कोण? तिलाच वास लागला होता. जाताना मी तिच्यासमोर उभी राहून म्हटलं, "जिभेला हाड नाही म्हटलं, त्याचा सूड उगवलास?"  पोपटाला बोलायला सुचलं नाही म्हणजे बघा.

२३ मार्च

कोठडीतून काल बाहेर काढलं. आता धुलाईखात्यात आहे. हात सोलून निघतात. पोपट आज धुण्याचं गाठोडं घेऊन आली आणि त्यातून ही वही काढून माझ्यासमोर ठेवली. खोकं झडतीत उलटं करणार होते, त्याआधीच तिने काढून ठेवली होती म्हणे. इतके दिवस घोंगडीत गुंडाळून छातीशी घेऊन झोपली. मी उचलून घेतली, पण तिच्याशी बोलले नाही. वाचून घेतली असेल सगळी, आणि आता साळसूदपणा.

कोठडीत असताना आक्का एकदा आली होती. मुकादम म्हणून जेवणाचं ताट आणायला. दाराच्या फटीतून माझी बोटं धरून रडली. "तू माझं नाव घेतलं नाहीस, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही," म्हणाली. मग सांगितलं की सासूबाई मुलाखतीला येऊन गेल्या, गेटवरून परत पाठवलं, पण तिने हॉलच्या कोपऱ्यात त्यांना बसवून पाणी दिलं. "त्यांची काळजी तू सोड. गिरणी बंद झाली तरी त्या उघड्यावर पडणार नाहीत. मी बघते." तिच्यासारखी बाई तुरुंगात सापडावी, हे माझं नशीब. बाहेर असते तर कुठे भेटली असती?

२९ मार्च

खोली आक्काला मिळाली.

कुणी लांबची मानलेली बहीण सापडली म्हणे, तिने अंगठा दिला. मी अभिनंदन केलं. खोटं नाही लिहिणार, मनापासून नाही केलं. ती खोली आईंची होती. पण माझ्या चुकीपायी गेली तर कुणालातरी मिळणारच. निदान ती परक्या बाईला न मिळता आक्काला मिळाली. इंजिनपासूनही सुटली बिचारी.

तिला सामान न्यायला पिशवी नव्हती. धुलाईतल्या जुन्या चादरीच्या तुकड्याची मी शिवून दिली, झाडूच्या तारेच्या सुईने, दुहेरी शिवण. बंदही मोठे घातले, खांद्यावर टाकता यावेत म्हणून. तिने पिशवी घेतली आणि माझ्याकडे न बघता घडी घातली. म्हणाली, "फार चांगली शिवलीस." डोळे वर केलेच नाहीत. निरोप देताना आपल्याला रडू येईल म्हणून असेल.

१३ एप्रिल

मुलाखत सुरू झाली. सासूबाई आल्या.

आधी मी ओळखलंच नाही. केसांत पीठ नाही. धुवून, विंचरून अंबाडा. अंगावर धड कपडे. गाल भरलेले. मी म्हटलं, "आई, तुम्ही खरंच तरुण झालात की." आणि त्या हसत हसत सांगायला लागल्या.

"खोली छान आहे गं. खिडकी आहे. मागे नळ आहे, पाणी सकाळी आणि संध्याकाळी. तुझी आक्का दिवसभर शेतात जाते, मी स्वयंपाक करते. भली बाई आहे. त्या दिवशी मला हॉलमध्ये तिनंच सांगितलं, की तुझा नंबर थोडा लांबला, पण तू निरोप पाठवलायस, की तोवर मी आक्काबरोबर राहावं. आक्काची बहीण म्हणून अंगठा द्यायचा आणि तू आलीस की आपण तिघी. मी म्हटलं, सूनबाईचा निरोप आहे तर माझी काय हरकत. तूच पाठवला होतास ना निरोप?"

काचेच्या पलीकडून त्या माझ्याकडे बघत होत्या. पाठीमागे पुढच्या बायकांची रांग.

मी म्हटलं, "हो, आई. मीच पाठवला होता."

"मला वाटलंच. तुझ्याशिवाय कुणाला सुचणार."

पुढे त्या काय बोलल्या ते मला धड आठवत नाही. घंटा झाल्यावर मी उठले आणि धुलाईत येऊन ओल्या चादरींच्या ढिगावर बसले.

घोरतात का, विचारलं होतं तिनं.

१४ एप्रिल

मी मूर्ख आहे. मॅडमनी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. आक्काने माझ्याकडून ते करून घेतलं, माझाच टाका घालून घेतला, आणि नेऊन मॅडमच्या टेबलावर ठेवलं. मी नाव घेणार नाही हेही तिला ठाऊक होतं. तिने माझं सगळं माप घेतलं होतं, छाती, कंबर, खांदा, आणि मी कुठे घट्ट आहे, कुठे ढिली. मी लोकांकडे बघून माप सांगते म्हणून मिरवते. मला एक म्हातारी बाई मापता आली नाही.

खोली नेली असती तर मी कदाचित समजले असते. तिलाही मरायच्या आधी एक खिडकी हवी असेल. पण माझी आई नेली. जी बाई स्वतःच्या मुलाविरुद्ध खरं बोलली, तिला खोट्याच्या छपराखाली नेऊन बसवलं. आणि माझ्या तोंडून हो वदवून घेतलं, तेही तिथे नसताना.

जिवाची नुसती आग होतेय. काल इस्त्री हातात असती तर, असं मनात आलं. बाईंनी सांगितलंय ना मनात येईल ते लिही, म्हणून लिहिलं.

दुपारी इंजिनकडे गेले. विचारलं, आक्काला कधी धमकावलं होतंस का? ती हसायला लागली आणि हसता हसता तिला धाप लागली. "मी? मला दोन बादल्या उचलवत नाहीत. आणि मुकादमकी घेऊन करू काय, शिट्ट्या मारू?"

मग शिवणखात्याच्या पायरीवर बसलेल्या पोपटकडे गेले. तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, माझं चुकलं. ती धागे तोडत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "वही वाचली नाही हां मी. वाचता कुठे येतं मला."

मग तिनेच माझे हात हातात घेऊन सोललेल्या बोटांना तेल चोळलं. ते तेल कुठून पैदा केलं विचारायची सोय नव्हती.

१७ एप्रिल

ठरवलंय. मॅडमना सगळं सांगायचं. उद्या.

१८ एप्रिल

मॅडमकडे गेले नाही. मॅडमच आल्या. धुलाईत एकट्याच, कोट हातावर घेऊन. पुढचं एक बटण सैल झालं होतं. मी तारेची सुई काढली आणि त्यांनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

बटण लावत असताना म्हणाल्या, "ते तू स्वतःसाठी केलं नव्हतंस, हे मला तेव्हाही माहीत होतं. कुणासाठी केलंस ते आज सांग. शिक्षा तुझ्या कागदावरून काढून टाकते. पुढच्या खोलीला तुझं नाव लागेल."

मी तोंड उघडलं होतं. आधी एकच विचारलं, "मॅडम, समजा वसाहतीतल्या एखाद्या बाईची चूक निघाली, तर तिचं काय होतं?"

"परत इथे. त्याच दिवशी."

"आणि तिच्यासोबत राहणारं माणूस?"

"खोली कैद्याची असते. माणसानं आपलं बघायचं."

"पुढची खोली कधी रिकामी होईल?"

"ते कसं सांगू? वर्ष, दोन वर्षं. कुणी सुटलं की."

गिरणी गेल्या आठवड्यात पाडली. सासूबाईच म्हणाल्या होत्या, पत्रेसुद्धा नेले म्हणून.

मी दोऱ्याला गाठ मारली, दाताने तोडला आणि कोट त्यांच्या हातात दिला. म्हटलं, "मॅडम, ते मी माझ्यासाठीच केलं होतं."

त्यांनी बटण ओढून पाहिलं. मग कोट घालून गेल्या.

११ मे

मुलाखत. यावेळी आईंचं अर्धं बोलणं आक्काबद्दलच होतं. आक्का आठवण काढते, आक्का विचारत होती तू जेवतेस का. मी हो, हो म्हणत राहिले. पंधरा मिनिटं हसू चेहऱ्यावर टाचणीने लावून ठेवलं होतं. आईंना संशय आला तर त्या आजच्या आज गाठोडं बांधून रस्त्यावर उभ्या राहतील. खोट्याचं छप्पर त्यांना चालणार नाही, आणि दुसरं छप्पर माझ्याकडे नाही.

निघताना म्हणाल्या, "तिला खोकला झालाय गं. आठ दिवस झाले, रात्रभर खोकते. शेतावर ओल्या कपड्यांनी बसते, ऐकत नाही कुणाचं. आता वयही झालं."

खोली कैद्याची असते, हे आठवून माझ्या काळजात चर्र झालं. तिच्यासाठी नाही. पण झालं.

मी काचेला तोंड लावून म्हटलं, "आई, तिला गरम पाणी देत जा. ओलं अंगावर वाळवू देऊ नका. रात्री छातीला शेक द्या. आणि डॉक्टरला दाखवा, तुम्ही स्वतः घेऊन जा, ती टाळाटाळ करेल. जपा तिला."

"किती जीव आहे तुझा तिच्यावर," सासूबाई म्हणाल्या आणि डोळे पुसत उठल्या.